देव हवाय की देवाकडचं काहीतरी हवंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हरिपाठ झाल्यावर, वारीत चालताना, कुणाच्या घरी भजनाला गेल्यावर हे प्रश्न परत परत येतात म्हणून एकदाच नीट बसून लिहून काढलेत. मी कीर्तनकार नाही, शास्त्री तर नाहीच नाही, वारकरी घरातली आहे, त्यामुळे उदाहरणं बहुतेक पंढरपूर, देहू, आळंदीकडचीच येणार. पण प्रश्न सगळ्यांचेच आहेत, तुमचा देव खंडोबा असो नाहीतर अंबाबाई.

देवाकडे काही मागणं चूक आहे का?

नाही. अजिबात नाही. हे आधी सांगून टाकते कारण निष्काम भक्ती हा शब्द ऐकला की लोकांना अपराधी वाटायला लागतं, की अरे बापरे मी तर पोरीच्या अ‍ॅडमिशनसाठी साकडं घातलं होतं, म्हणजे माझी भक्ती खोटीच की काय. गीतेच्या सातव्या अध्यायात भगवंतांनी स्वतःच भक्तांचे चार प्रकार सांगितलेत, आर्त म्हणजे संकटात सापडलेला, जिज्ञासू म्हणजे ज्याला जाणून घ्यायचंय तो, अर्थार्थी म्हणजे ज्याला काहीतरी हवंय तो, आणि ज्ञानी. चौघांनाही पुण्यवानच म्हटलंय, आणि दोनच श्लोक पुढे गेलं की 'उदाराः सर्व एवैते', म्हणजे हे सगळेच थोर, असं साफ सांगितलंय. मगरीने पाय धरल्यावर गजेंद्राने मारलेली हाक, भर सभेत द्रौपदीने मारलेली हाक, या संकटातल्याच हाका आहेत ना, आणि देव दोन्ही वेळेला धावत आलाय.

पण त्याच जागी भगवंत म्हणतात की या चौघांत ज्ञानी मला सगळ्यात प्रिय. इथे ज्ञानी म्हणजे पुष्कळ पोथ्या वाचलेला माणूस असं मला कधी वाटलं नाही, ज्याला देव सोडून दुसरं काही मिळवायचं उरलं नाही तो. म्हणजे दार सगळ्यांना उघडं आहे, आत किती जायचं हा आपला प्रश्न.

मग अडचण नक्की कुठाय?

लहानपणी मुंबईचा मामा यायचा तेव्हा पोरं धावत सुटायची, पण मामाकडे नाही, त्याच्या पिशवीकडे. मामाही हसायचा, पोरांवर रागवायचा नाही, खाऊ द्यायचाच. पण पोरं मोठी झाल्यावरही पिशवीकडेच बघत राहिली आणि मामा कसा आहे, दमलाय का, त्याला काय आवडतं हे कुणी विचारलंच नाही तर? अडचण एवढीच आहे. खाऊ घेण्यात काही पाप नाही, मामा दिसेनासा झाला तर ते वाईट.

प्रह्लादाची गोष्ट आपल्याला खांब फुटून नरसिंह बाहेर येतो तिथपर्यंतच माहीत असते, हिरण्यकश्यपू मेला की गोष्ट संपली. पण भागवताच्या सातव्या स्कंधात खरी मजा त्याच्या पुढे आहे. नरसिंह त्याला म्हणतो, वर माग. आणि हे एवढंसं पोर म्हणतं की जो मालकाकडून काही मिळावं म्हणून सेवा करतो तो सेवक नाही, तो व्यापारी. आणि तुला काही द्यायचंच असेल तर असं कर की माझ्या मनात मागण्याची इच्छाच उगवू नये. एवढं बोलून झाल्यावर एक गोष्ट मात्र मागतो, ज्या बापाने त्याला मारायचे एवढे प्रयत्न केले त्या बापाला त्या पापातून सोडव. मला ही जागा फार आवडते. मागणं आहे, पण त्यात स्वतःसाठी काहीच नाही.

व्यापार म्हणजे काय तर अट. काम झालं तर हा देव खरा, नाही झालं तर पुढच्या गुरुवारी दुसरं देऊळ. आपल्याकडे नवसाला पावणारा म्हणून बोर्ड लागतात आणि जिथे बोर्ड नाही त्या गावातल्या जुन्या मारुतीला कुणी दिवा पण लावत नाही, हे बघून मला खरंच वाईट वाटतं. मारुती तोच आहे ना.

तुकोबांनी पण 'हेचि दान देगा देवा' म्हणून मागितलंच की, मग ते कसं चालतं?

हो, मागितलंय, आणि काय मागितलंय ते बघा. तुझा विसर न व्हावा. पुढे गुण गाईन आवडी, हेचि माझी सर्व जोडी. मुक्ती नको, संपदा नको, संतांची संगत दे. आणि शेवट तर असा की हे एवढं मिळत असेल तर खुशाल परत गर्भवासाला घाल, परत जन्माला घाल. सगळं जग जन्ममरणातून सुटायला देवाकडे जातं आणि हा माणूस म्हणतो जन्म दे पण तू विसरला जाऊ नकोस.

म्हणजे निष्काम म्हणजे मनात इच्छाच नसणं असं नाही. दगडाला पण इच्छा नसते, म्हणून दगड काही भक्त होत नाही. इच्छा आहे, चांगली तीव्र आहे, पण ती देवाचीच आहे. ज्यांना वाटतं की आपण कोरडं, सपाट व्हायला पाहिजे त्यांनी गाथा उघडून चार पानं वाचावीत, इतका कासावीस होणारा, रडणारा, रुसणारा माणूस सापडणार नाही.

विठ्ठलाच्या मूर्तीचं नेहमी उदाहरण का देतात या बाबतीत?

कारण ती मूर्ती वेगळी आहे. आपल्याकडच्या बऱ्याच देवांचा एक हात वर द्यायला किंवा अभय द्यायला पुढे असतो, नाहीतर हातात शस्त्र असतं. विठोबाचे दोन्ही हात कमरेवर. कर कटावरी ठेवोनिया. द्यायला हात पुढे केलेला नाही, मारायला शस्त्र उगारलेलं नाही, नुसता उभा आहे. आणि उभा का आहे तर पुंडलिक आईवडिलांची सेवा करत होता, देव दारात आला तर त्याने वीट फेकली आणि म्हणाला थांब जरा. देव थांबला. कथा सांगतात त्यात पुंडलिकाने आधी धन मागितलं, राज्य मागितलं असं काही नाहीच, मागितलं ते एवढंच की असाच इथे उभा राहा.

म्हणून या देवासमोर गेलं की काय द्यायला आलाय हा प्रश्नच पडत नाही, आलाय हेच पुष्कळ आहे. 'सुंदर ते ध्यान' शाळेतल्या पोरांना पण पाठ असतो, त्यात पूर्ण अभंगभर नुसतं वर्णन आहे, तुळशीहार, कासे पीतांबर, मकरकुंडलं, कौस्तुभ, आणि शेवटी काय, माझे हेचि सर्व सुख, पाहीन श्रीमुख आवडीने. मागणं शून्य. नुसतं बघायचंय.

देवासाठी आपण काही करायचं म्हणजे काय? त्याला कशाची कमी आहे?

कमी कशाचीच नाही, पण प्रेम असलं की माणूस असा हिशोब करत नाही. पंढरपुरात आषाढीच्या आधी एक गोष्ट होते, बाहेरच्या लोकांना फारशी माहीत नसते. देवाचा पलंग काढतात. म्हणजे यात्रेचे दिवस देव झोपणार नाही, लाखो लेकरं आलीत, दर्शन चोवीस तास चालू. मग एवढे दिवस उभं राहून देवाची पाठ अवघडेल म्हणून मूर्तीच्या मागे मऊ कापसाचा लोड लावतात, रुक्मिणीमातेला पण लावतात. यात्रा पांगली की प्रक्षाळपूजा. देवाच्या पायांना लिंबू-साखर चोळतात, एवढ्या लोकांनी डोकी ठेवलेली असतात त्या पायांवर, मग गरम पाण्याने अंघोळ, आणि रात्री शिणवटा जावा म्हणून काढा देतात. आपण सर्दी-अंगदुखीला घेतो तसला काढा, देवाला. मग पलंग परत आत येतो आणि देव झोपतो.

तर्काने बघायला गेलं तर पाषाणाच्या मूर्तीला कसला शीण. पण ज्या कुणी पहिल्यांदा हे सुरू केलं असेल त्याच्या मनात त्या क्षणी काय होतं बघा, मला काय मिळालं हे नव्हतं, तो दमला असेल हे होतं. इथे मागणारा माणूस देवाची काळजी घ्यायला लागतो. घरी करायचं असेल तर फार काही लागत नाही, रोजच्या पूजेत एखादी गोष्ट अशी करा जी फक्त त्याला बरं वाटावं म्हणून आहे. उन्हाळ्यात थोडं गार पाणी, थंडीत देवघरातल्या बाळकृष्णाला टोपरं. आमच्याकडे आजी रात्री देवघराचा पडदा लावताना 'झोप रे आता' म्हणायची, तेवढंच.

नवस बोलावा का? आणि आधी बोललेला नवस फेडायचा की सोडायचा?

फेडायचा. दिलेला शब्द आहे, देवाला दिलेला असो की शेजाऱ्याला, पाळायचा. झेपत नसेल एवढा मोठा बोलला गेला असेल तर देवासमोर बसून मोकळेपणाने सांगायचं आणि जमेल तेवढं करायचं, कर्ज काढून फेडायचं काही कारण नाही.

नवीन बोलावा का, तर मी बोलत नाही. तुकोबांचं परखड वाक्य सगळ्यांना माहीत आहे, नवसे कन्यापुत्र होती तरि का करणे लागे पती. पण जत्रेत नवस फेडायला आलेल्या बाईला हे ऐकवायला जाऊ नका हं, ती तिच्या परीने देवाच्या दारात आलीय आणि बऱ्याच वेळा आपल्यापेक्षा जास्त श्रद्धेने आलीय. स्वतःपुरतं एक करता येतं, 'हे केलंस तर मी ते करेन' यातला पहिला भाग काढून टाका. अकरा मंगळवार करायचेत ना, मग करा की, काम होवो न होवो. आणि काम झाल्यावर पेढे वाटता तसेच एखाद्या साध्या दिवशी काही झालेलं नसताना पण वाटून बघा.

माझं प्रेम देवावर आहे की त्याच्या देण्यावर, हे ओळखायचं कसं?

पक्की टेस्ट कुणीच देऊ शकणार नाही, पण काही गोष्टी बघता येतात. काम झाल्यावर देवघरात बसायचा वेळ कमी होतो का? परीक्षेच्या आधी रोज अथर्वशीर्ष आणि रिझल्ट लागल्यावर पोथीवर धूळ, असं होतं का? किंवा उलटं, सगळं व्यवस्थित चाललंय, घरात आजार नाही, पैशाचं टेन्शन नाही, अशा दिवशी देवाची आठवण येते का? मला वाटतं ही दुसरी खूण जास्त बोलकी आहे. दुःखात तर सगळेच हाक मारतात.

कुंतीचं उदाहरण यासाठीच देतात. युद्ध संपलं, पोरांना राज्य मिळालं, कृष्ण द्वारकेला निघाला, तेव्हा ती काय म्हणते, आमच्यावर संकटं सारखी येत राहू देत, कारण संकट आलं की तू दिसतोस. भागवताच्या पहिल्याच स्कंधात आहे हे. आपल्याला असं म्हणायचं धाडस होणार नाही, मला तर नाहीच होणार, पण ती कशाला घाबरत होती ते कळतं. राज्य मिळाल्यावर तो लांब जाईल याला.

आणखी एक, देवाबद्दल बोलताना आपण काय बोलतो ते ऐका. सगळे किस्से 'आणि काय सांगू, दुसऱ्या दिवशी फोन आला' असेच असतील तर थोडं थांबून विचार करायला हरकत नाही.

देवाने ऐकलं नाही. घरातलं माणूस गेलं. आता प्रेम कसलं आणि कसं करायचं?

याला उत्तर लिहिताना हात थांबतो. ज्याचं माणूस गेलंय त्याला कुणी निष्काम भक्तीचं लेक्चर द्यायला गेलं तर त्याला उठवून बाहेर पाठवा. तेराव्याच्या आत कुणी कुणाला तत्त्वज्ञान सांगू नये, शेजारी बसावं, चहा करून द्यावा, एवढंच.

पण प्रश्न खरा आहे म्हणून तुकोबांकडेच जाते. 1630 च्या आसपासचा तो दुष्काळ, महाराष्ट्रात माणसं अन्नावाचून मेली. देहूतलं हे बऱ्यापैकी खातंपितं घर, दुकान, सावकारी, सगळं बुडालं. पहिली बायको अन्न अन्न करत गेली, मुलगा गेला. याच माणसाने नंतर लिहिलं, बरे जाले देवा निघाले दिवाळे, बरी या दुष्काळे पीडा केली. पण हे वाक्य 'नंतर'चं आहे हे विसरून चालणार नाही. मधे भंडारा डोंगरावरचा एकांत आहे, रडणं आहे, देवाला विचारलेले पुष्कळ प्रश्न आहेत. आणि परंपरा सांगते की त्यांनी आपल्या वाटणीची कर्जाची खतं इंद्रायणीत बुडवली, म्हणजे ज्या दुःखातून ते गेले त्यातून दुसऱ्यांना सोडवलं. तिथे पोचायला त्यांना जो वेळ लागला तो आपल्यालाही लागू द्या.

आणि देवाने ऐकलं नाही म्हणजे देवाने सोडलं असं नाही, असं मी मानते. सिद्ध करता येणार नाही मला. एवढं बघितलंय की जी माणसं देवाशी फक्त कामापुरती बोलत होती ती अशा वेळी एकदम एकटी पडतात, कारण मागणं संपलं, आता बोलायचं काय. आणि ज्यांचं आधीपासून उगाचच, कारणाशिवाय बोलणं होतं त्यांचं बोलणं चालू राहतं, रागाने का होईना.

देवावर राग आला, भांडलं तर चालतं का? पाप लागतं का?

जनाबाईंनी विठोबाला 'अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या' म्हटलंय आणि तो अभंग आजही देवळात उभं राहून म्हणतात. भांडा बिनधास्त. ज्याच्याशी आपलं काही नातंच नाही त्याच्याशी आपण भांडत नाही, त्याच्याशी बोलणं बंद करतो. तुकोबांची बायको जिजाई, तिला आवली म्हणतात, ती तर विठोबाला सरळ काळ्या म्हणून शिव्या द्यायची अशा गोष्टी आहेत, नवऱ्याने संसार सोडला म्हणून, आणि त्याच गोष्टींत तिच्या पायातला काटा काढायला विठोबा येतो. तुकोबांच्या नाही, तिच्या.

रोज नाम घेतो पण मनात प्रेम वगैरे काही येत नाही, कोरडंच वाटतं.

चालू ठेवा. वारकरी पंथात म्हणून नियम ठेवलेत, गळ्यात तुळशीची माळ, एकादशी, मांसाहार नाही, दारू नाही, आषाढी-कार्तिकीची वारी, रोज हरिपाठ. यातला एकही नियम असं म्हणत नाही की तुला आतून काहीतरी वाटलं पाहिजे. वाटेल तेव्हा वाटेल, तू पाय उचल. आळंदीपासून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, त्यात पावसाने भिजलेले कपडे, पायाला फोड, रात्री कुणाच्या तरी ओसरीवर झोपणं, सगळा वेळ काय भाव दाटून येत नसतो, बराच वेळ माणूस मुक्कामी पोचून पाय पसरायचा विचार करत असतो. तरीही चालतो. हे चालणं पण प्रेमच आहे, उलट मला तर वाटतं डोळ्यात पाणी येण्यापेक्षा हे जास्त भरवशाचं. आणि गोड वाटणं ही पण एक मिळकतच झाली ना, ती नाही मिळाली म्हणून नाम सोडलं तर परत तोच व्यवहार.

पण देव 'कसा आहे' हेच माहीत नसेल तर त्याच्यावर त्याच्यासाठी प्रेम कसं करणार?

चांगला प्रश्न आहे आणि फार कमी लोक विचारतात. माणूस कळल्याशिवाय प्रेम होत नाही हे खरंय. म्हणून तर संतांनी कथा सांगितल्या, नुसता उपदेश केला नाही. विठोबा जनीबरोबर जात्यावर बसून दळतो, संत एकनाथांच्या घरी पैठणला श्रीखंड्या नावाचा गडी होऊन पाणी भरतो, सुदाम्याचे पोहे हिसकावून खातो. या गोष्टींतून काय कळतं तर हा कसा आहे. त्याला मोठेपणाचं काही पडलेलं नाही, त्याला कष्टणारी माणसं आवडतात, त्याला बोलावलं की तो येतो आणि आला की कामाला लागतो. एकदा हे मनात बसलं की मग आवडतो तो, आवडायला काही कारण लागत नाही.

ज्याला निर्गुण जास्त पटतं त्याने ज्ञानेश्वरी घ्यावी, 1290 साली नेवाशाला सांगितलेली, बारावा अध्याय छोटा आहे, तिथून सुरू करायला बरं पडतं.

हे सगळं पोट भरलेल्या लोकांचं बोलणं नाही का? ज्याच्या घरात चूल पेटत नाही त्याने काय मागू नये?

त्याने जरूर मागावं, आणि आपण त्याला मागायची वेळ येऊ देऊ नये, हे पहिलं. पण पोट भरलेल्यांचं बोलणं म्हणाल तर ते मला पटत नाही. जनाबाई दुसऱ्याच्या घरी राबणारी दासी होती. गोरोबा मडकी करायचे. आणि चोखोबा, मंगळवेढ्याचे, ज्यांना जन्मभर देवळाच्या आत पाऊल टाकू दिलं नाही. ज्या देवाचं दर्शन पण मिळत नाही, ज्याच्या नावाने लोक तुम्हाला बाहेर उभं करतात, त्या देवावर प्रेम करायचं, यापेक्षा काहीही न मिळता केलेलं प्रेम दुसरं कुठलं दाखवणार? 1338 साली मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळून ते गेले. समाधी पंढरपूरला, विठोबाच्या देवळाच्या महाद्वारासमोर आहे, नामदेव पायरीच्या जवळ, दाराच्या बाहेरच.

याचा अर्थ त्यांनी सोसलं म्हणून तुम्हीही अन्याय सोसत बसा असा कुणी काढू नये. चोखोबांनी अभंगातून देवाला आणि माणसांना रोखठोक विचारलंय. आणि ते दार उघडायला 1947 उजाडावं लागलं, साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं तेव्हा कुठे ते सगळ्यांसाठी उघडलं. देवावर प्रेम असेल तर त्याच्या दारातून कुणाला हाकललेलं आपल्याला बघवणार नाही, साने गुरुजींना बघवलं नाही.

सुरुवात मागण्यापासूनच झाली असेल तर?

तर ध्रुवाच्या ओळीत आहात, छानच. पाच वर्षांचं पोर, सावत्र आईने बापाच्या मांडीवर बसू दिलं नाही म्हणून रागाने जंगलात गेलं, त्याला मोठं पद हवं होतं, सगळ्यांपेक्षा मोठं. देव समोर आला आणि सगळं बदललं, मग त्याला वाईट वाटलं की मी काय क्षुल्लक मागायला आलो होतो. देवाने तरीही त्याला ते पद दिलंच, आणि आपण अजून ध्रुवतारा बघतो.

फक्त हिंदू धर्मातच असं सांगितलंय का?

नाही. बायबलमधल्या ईयोबाच्या गोष्टीत सगळा वाद याच प्रश्नावर सुरू होतो, हा माणूस देवाला भजतो ते फुकट भजतो का, सगळं मिळालंय म्हणूनच ना? मग त्याचं सगळं काढून घेतलं जातं. आणि आठव्या शतकात बसऱ्याला राबिया नावाच्या सूफी संत बाई होऊन गेल्या, त्यांच्या नावाने एक प्रार्थना सांगतात की नरकाच्या भीतीने तुला भजत असेन तर मला नरकात जाळ, स्वर्गाच्या लोभाने भजत असेन तर स्वर्गाचं दार बंद कर, पण तुझ्यासाठीच भजत असेन तर तुझं रूप माझ्यापासून लपवू नकोस. तुकोबांच्या शेजारी बसवावं असं बोलणं आहे.

मुलांना कसं सांगायचं?

'बाप्पाला नमस्कार कर, मार्क चांगले मिळतील' हे आपण सहज बोलून जातो, सगळेच बोलतात. त्याऐवजी 'बाप्पाला सांग आज शाळेत काय झालं' म्हणून बघा. पोरं काय काय सांगतात हो, डबा सांडला, मैत्रीण बोलली नाही. मागण्याची सवय लागायच्या आधी बोलण्याची लागली की पुढे बरं पडतं. आणि मार्क कमी पडले तर बाप्पाने ऐकलं नाही असं वाटायची वेळ येत नाही, अभ्यास केला नव्हता हे सरळ कळतं.

वारीला गेलो पण पददर्शन झालंच नाही, मग वारी वाया गेली का?

एका वर्षी परभणीकडच्या एक आजी आमच्या दिंडीत होत्या, डोक्यावर तुळस घेऊन सगळी वाट चाललेल्या. दशमीला पोचलो, दुसऱ्या दिवशी चंद्रभागेत अंघोळ, नगरप्रदक्षिणा, मग महाद्वारासमोर गर्दीत उभं राहून मान वर करून कळसाला हात जोडले आणि पिशवी उचलून निघाल्या एसटी स्टँडकडे. मी म्हटलं आजी, रांगेत नाही का लागायचं, दर्शन? म्हणाल्या, 'झालं की माय, कळस दिसला. त्याला बी कळलं मी आले ते. तिकडं पेरणी खोळंबली.' असे हजारो लोक दरवर्षी कळस बघून परत फिरतात. 2020 ला तर पायी वारीच झाली नाही, पादुका एसटी बसने गेल्या, आणि लोकांनी घरी राहून एकादशी केली. वाया काही जात नाही.

आणि पददर्शन मिळालंच, तर त्या दोन सेकंदांत काय मागायचं?

इतके तास रांगेत उभं राहून गाभाऱ्यात पोचलं की बरेच जण नेमके डोळे मिटून घेतात आणि यादी म्हणायला लागतात, तेवढ्यात मागचा पुढे ढकलतो आणि बाहेर आल्यावर लक्षात येतं की मूर्ती नीट बघितलीच नाही. डोळे उघडे ठेवा. पायावर डोकं ठेवा, उठताना वर तोंडाकडे बघा, कपाळावरचा गंध, कानातली मकरकुंडलं, सगळं बघून घ्या. यादी बाहेर सभामंडपात बसून निवांत सांगता येते. आणि तिथून लगेच बाहेर पळू नका, रुक्मिणीमातेचं मंदिर त्याच आवारात मागच्या बाजूला आहे, तिच्याकडे जाऊनच निघा.